एका ओळीची वरात

काम एका ओळीचं होतं. आमचा क्लायंट अमेरिकेतला, ट्रकच्या सुट्या भागांचा घाऊक व्यापारी. त्याने आपलं एक गोदाम बंद केलं, पण त्याचे विक्रेते ऑर्डर घेताना हाताच्या सवयीने त्याच गोदामाचा कोड टाकत राहिले. तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी, तिकडचं कामकाज आटोपल्यावर, न पाठवलेल्या सगळ्या ऑर्डरींवरचा 'आर-वन' काढून तिथे 'आर-सेव्हन' करायचा. डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल भाषेत हे एवढंसं वाक्य: अपडेट अमुक फाइल, सेट गोदाम आर-सेव्हन, व्हेअर गोदाम आर-वन आणि ऑर्डर उघडी. मॅडमनी विचारलं, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" मी नुसता हसलो. ते हसणं मी अशा प्रसंगांसाठी राखून ठेवलं आहे. त्यात थोडा अनुभव असतो, थोडी करुणा असते आणि 'तुम्ही आता खुशाल मीटिंगला जा' असा प्रेमळ निरोप असतो.

वाक्य लिहून झालं तेव्हा समोरचा चहा अजून गरम होता. प्रश्न पुढचा होता. ते चालवायचं कशातून?

बाहेरच्यांना हा प्रश्नच कळत नाही. माझा मेव्हणा म्हणाला, "एंटर दाबायचं, अजून काय?" तो शेअर बाजारात पैसे घालवतो, त्यामुळे त्याला सगळंच सोपं वाटतं. पण एंटर दाबण्याआधी आपण कुठे बसलो आहोत, हे ठरावं लागतं, आणि आमच्या मशीनवर बसायला जागा फार.

हे मशीन म्हणजे एएस/४००. मेनफ्रेमहून लहान आणि पीसीहून थोर, म्हणून मिडरेंज. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला ते घडलं आणि २१ जून १९८८ रोजी आयबीएमने ते जाहीर केलं. पुढे २००० साली ते आयसिरीज झालं, २००६ मध्ये सिस्टीम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणाऱ्या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात. हिंजवडीपासून खराडीपर्यंत ज्यांची चूल या मशीनवर पेटते ते सगळे मात्र त्याला अजून 'एएस फोर हंड्रेड'च म्हणतात. लग्नानंतर बदललेलं नाव माहेरी कोणाच्या तोंडी बसत नाही, त्यातलाच प्रकार.

त्याच्या पोटात डेटाबेस जन्मापासून आहे. त्याच्या आधीच्या पिढीतल्या, १९७८ साली जाहीर झालेल्या सिस्टीम/३८ मध्येही तो होता. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि एसक्यूएलचं पहिलं रूप चेंबरलिन आणि बॉइस या जोडीने १९७४ मध्ये मांडलं. ही मंडळी आयबीएमचीच, पण कॅलिफोर्नियात सॅन होजेला बसलेली. म्हणजे भाषा कॅलिफोर्नियाची आणि मशीन मिनेसोटाचं. रॉचेस्टरची माणसं आपल्या पद्धतीने, आरपीजी या भाषेत प्रोग्रॅम लिहून, त्या डेटाबेसशी बोलत होती; एसक्यूएल तिथे मागाहून आली.

आणि या मशीनचा एक बाणा आहे: जुनं काही मोडीत काढायचं नाही. त्याचे शिल्पकार डॉ. फ्रँक सॉल्टिस यांनी हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये असा काही पडदा ठेवला, की १९९५ साली जुने ४८ बिटांचे प्रोसेसर जाऊन ६४ बिटांचे आले तरी ग्राहकांना प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले नाहीत. या पुण्याईवर माझ्यासकट अनेकांच्या नोकऱ्या टिकून आहेत. पण नवी सोय आली तरी जुनी जात नाही, हा त्याच बाण्याचा दुसरा अर्थ. त्यामुळे एसक्यूएलचं वाक्य चालवायचे मार्ग एकावर एक साठत गेले. एखाद्या निश्चयी माणसाने त्यातला एक उचलला असता आणि तो घरी गेला असता. मॅडमनी हे काम माझ्याकडे दिलं होतं.

माझं पहिलं प्रेम एसटीआर-एसक्यूएल. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चोवीस ओळी, ऐंशी रकाने, माउसचं नाव नाही. वाक्य टाकायचं, एंटर दाबायचं. एफ-नाइन दाबलं की मागचं वाक्य पुन्हा हजर. एफ-फोर दाबलं की कुठे काय भरायचं ते विचारतं. एफ-थ्रीने बाहेर पडताना म्हणतं, हे सत्र जपून ठेवू का? मी कायम 'ठेव' म्हणत आलोय. त्यामुळे माझ्या सत्रात फार जुनी वाक्यं साठली आहेत. काही ज्यांच्यासाठी लिहिली ते क्लायंटही आता उरलेले नाहीत. एफ-नाइन दाबत मागे मागे जाणं हा माझा जेवणानंतरचा विरंगुळा आहे.

त्याचं सगळ्यात मोठं सौजन्य वेगळंच. व्हेअर न लावता अपडेट किंवा डिलीट केलं, की ते लगेच कामाला लागत नाही. आधी एक पडदा पुढे करतं: तुम्ही फाइलमधले सगळेच रेकॉर्ड बदलायला निघाला आहात, खात्री असेल तर एंटर दाबा, नसेल तर एफ-ट्वेल्व्ह. माझी नोकरी टिकण्यात आईवडिलांच्या पुण्याईचा वाटा किती आणि या पडद्याचा किती, याचा हिशोब मी कधी केलेला नाही.

टेस्ट मशीनवर वाक्य झकास चाललं. मी नव्या ट्रेनीला बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघ. याला म्हणतात साधेपणा. उगाच रंगीबेरंगी खिडक्या नकोत." मग तिच्या देखतच प्रॉडक्शन मशीनवर गेलो, कमांड टाइप केली, आणि पडद्याच्या तळाला उत्तर उमटलं: ही कमांड लायब्ररी लिस्टमध्ये सापडत नाही.

एसटीआर-एसक्यूएल ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर येत नाही. तो क्वेरी मॅनेजर आणि एसक्यूएल डेव्हलपमेंट किट या वेगळ्या प्रॉडक्टचा भाग. क्लायंट पडला व्यापारी. त्याने ते किट टेस्ट मशीनपुरतंच घेतलं होतं. ट्रेनी पडद्याकडे बघत म्हणाली, "खरंच साधं आहे, सर. काहीच नाहीये." मग तिने अगदी सहज विचारलं, "आणि दर शनिवारी पहाटे उठून हे टाइप कोण करणार?" तिकडची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची पहाट. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. मी तो नंतरच्या विचारासाठी बाजूला ठेवला होता.

कँटीनमध्ये विषय काढला आणि फसलो. एएस फोर हंड्रेडवाल्यांच्या टेबलावर या विषयात मत नसलेला माणूस नव्हता. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणाले, "आरपीजी प्रोग्रॅममध्ये एसक्यूएल घाल. सहाव्या रकान्यात 'सी', सातव्यात तिरकी रेघ, पुढे एक्झेक एसक्यूएल. आमची उभी हयात त्यात गेली." त्यांची मतं अजून रकाने मोजून येतात. आता हे सगळं मोकळ्या फॉरमॅटमध्ये लिहिता येतं, असं कोणीतरी पुटपुटलं. त्यांनी ते ऐकलं नाही. सल्ला चुकीचा नव्हता. असा प्रोग्रॅम कंपाइल करायला किट लागतं, चालवायला लागत नाही, तेव्हा टेस्टवर कंपाइल करून प्रॉडक्शनला नेता आला असता. पण क्लायंटकडे प्रत्येक नव्या आरपीजी प्रोग्रॅमला एका समितीची मंजुरी लागे, आणि समितीचा फॉर्म माझ्या वाक्याहून कितीतरी लांब होता.

दुसरा म्हणाला, क्वेरी मॅनेजर. वाक्य सोर्समध्ये लिही, त्याची क्वेरी बनव आणि एसटीआरक्यूएमक्यूआरवाय करून चालव. आत बदलती मूल्यंही पाठवता येतात. "कितीही मोठी?" मी विचारलं. "पंचावन्न अक्षरांपर्यंत," तो म्हणाला आणि सामोशाकडे वळला. तिसरा रेक्सवाला. रेक्समधूनही एसक्यूएल चालतं, हे खरं आहे. आमच्या मजल्यावर रेक्स लिहिणारा तो एकटाच, त्यामुळे त्याच्या कामात कोणी चूक काढत नाही. चौथ्याने क्यूशेलचं नाव घेतलं: तिथे डीबी-टू लिहायचं आणि पुढे अवतरणात वाक्य. ट्रेनी इतका वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "सर, एसीएस उघडू या का?"

मी पाचही जणांना "बघतो" म्हणालो. त्यातल्या प्रत्येकाला आपलंच ऐकलं जाणार असं वाटलं. एवढं एक कौशल्य माझ्याकडे आहे.

एसीएस म्हणजे अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्युशन्स, आणि त्यातली रन एसक्यूएल स्क्रिप्ट्स ही खिडकी. आयबीएम आयवर एसक्यूएल लिहिण्याची आजची राजमान्य जागा हीच. इथे वाक्याला रंग येतो, निकाल तक्त्यात दिसतो, तो एक्सेलमध्ये नेता येतो, आणि डेटाबेसने एखादं वाक्य कोणत्या वाटेने चालवलं त्याचं चित्रसुद्धा निघतं. एसटीआर-एसक्यूएलमध्ये मोठ्या मजकुराचा रकाना आला की नुसतं 'पॉइंटर' असं लिहून येतं. इथे तो मजकूर वाचता येतो. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मी तिथे जायचं टाळत होतो.

गेलो. आधी खात्री म्हणून सिलेक्ट करून ऑर्डरी बघितल्या. ग्राहकांच्या नावांच्या जागी सी-वन, डी-नाइन, डी-सिक्स अशा अक्षर-आकड्यांच्या रांगा. मी खुर्ची मागे सरकवली, आवाज खाली आणला आणि ट्रेनीला सांगितलं, "डेटा करप्ट झालाय." मग मॅडमना तसं कळवलंही. हे काम मात्र मी कमालीच्या वेगाने केलं.

डेटाला काहीही झालेलं नव्हतं. हे मशीन अक्षरं एबसीडिक पद्धतीने साठवतं. त्यात 'ए' म्हणजे सी-वन आणि एकचा आकडा म्हणजे एफ-वन. फाइलवर अक्षरसंचाचा क्रमांक नीट लिहिलेला असला की पीसीकडे पाठवताना मशीन त्याचं रूपांतर करून देतं. पण क्लायंटच्या जुन्या फाइलींवर ६५५३५ हा क्रमांक होता, आणि त्याचा अर्थ 'याला हात लावू नका'. हिरव्या पडद्याला एबसीडिकच कळतं, त्यामुळे इतकी वर्षं तिथे काही बिघडलेलं दिसलं नव्हतं. ट्रेनीने कनेक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन ६५५३५ चं रूपांतर करण्याच्या खुणेवर टिचकी मारली आणि सगळे ग्राहक आपापल्या नावानिशी प्रकट झाले. तोवर मॅडम क्लायंटला फोन लावत होत्या. मी धावत जाऊन तो ठेवायला लावला. त्या धावण्याची कँटीनमध्ये बरेच दिवस चर्चा होती.

पुढचा प्रसंग मेंबरचा. एएस फोर हंड्रेडवर एका फाइलच्या पोटात अनेक मेंबर असू शकतात, आणि एसक्यूएलला वेगळं काही सांगितलं नाही तर ती फक्त पहिला ओळखते. आमचा टेस्टचा डेटा दुसऱ्या मेंबरमध्ये होता. माझ्यापाशी त्यावर जुना, खात्रीचा उपाय होता: ओव्हरराइड. हिरव्या पडद्यावर ओव्हीआरडीबीएफ देऊन मशीनला सांगितलं, की आता दुसऱ्या मेंबरकडे बघ. मग एसीएसमध्ये येऊन अपडेट चालवलं. ते निमूटपणे पहिल्या मेंबरवर चाललं, आणि तिथे टेस्टिंगवाल्या पोरांनी महिनाअखेरीसाठी मांडून ठेवलेला डेटा होता.

यातलं मर्म कळायला मला ट्रेनीची मदत घ्यावी लागली. ओव्हरराइड ज्या जॉबमध्ये दिला त्याच जॉबमध्ये चालतो. हिरवा पडदा हा माझा एक जॉब. एसीएसमधलं वाक्य माझ्या पीसीवर चालतच नाही. ते मशीनवरच्या क्यूझेडडासोइनिट नावाच्या दुसऱ्याच एका सर्व्हर जॉबमध्ये चालतं. त्या जॉबला माझ्या हिरव्या पडद्यावरच्या आज्ञांची गंधवार्ता नसते. ओव्हरराइड द्यायचाच तर एसीएसच्याच खिडकीत, आधी 'सीएल' (मशीनच्या कमांडींची भाषा) आणि कोलन घालून द्यायचा. नाहीतर सरळ त्या मेंबरसाठी एक एलियस तयार करायचा. "म्हणजे मी ज्याला सांगत होतो तो वेगळा आणि काम करणारा वेगळा?" मी विचारलं. "हो, सर," ती म्हणाली. कॉर्पोरेट जगात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटावी, याचं तिला आश्चर्य वाटलं असावं.

तरीही मी हार मानली नाही. एसीएसच्या पट्टीवर वाक्य चालवायच्या तीन खुणा आहेत: सगळं चालवा, निवडलेल्यापासून पुढे चालवा, फक्त निवडलेलं चालवा. तिन्हींवर वाळूचं घड्याळ, थोड्याफार फरकाचं. माझा चष्मा जवळचा आणि लांबचा असा दुहेरी आहे, आणि पट्टी बरोबर त्या दोहोंच्या सीमेवर येते. मी अपडेट निवडलं आणि मधल्या घड्याळावर टिचकी मारली. अपडेटच्या खाली सकाळच्या प्रयोगातलं एक डिलीट पडलं होतं. तेही चाललं. टेस्टिंगवाल्या पोरांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण ती 'सर'च्या ऐवजी 'काका' म्हणू लागली.

मग मी ठरवलं की खिडक्या नकोत, जॉबही आपलाच असू दे. अशासाठी रन-एसक्यूएल ही कमांड आहे. आवृत्ती ७.१ च्या काळात ती आली, ऑपरेटिंग सिस्टीममध्येच असते, कुठल्याही सीएल प्रोग्रॅममध्ये एका ओळीत बसते आणि पाच हजार अक्षरांपर्यंतचं वाक्य घेते. माझं वाक्य त्याच्या अंशालाही पुरलं नसतं. फक्त कमांडला वाक्य एकेरी अवतरणात द्यायचं आणि वाक्याच्या आत 'आर-सेव्हन'लाही एकेरी अवतरण लागतं. त्यामुळे आतली अवतरणं दुप्पट करायची. इथे थांबलो असतो तर भागलं असतं. पण गोदामाचा कोड उद्या बदलला तर, अशा दूरदृष्टीने मी तो कोड बाहेरून घेऊन वाक्य जोडून तयार करायला गेलो. मग अवतरणांच्या आत अवतरणं आणि त्यांच्या आत आणखी अवतरणं. एका ठिकाणी अवतरणांची लांबच लांब माळ झाली. ती बरोबर आहे की नाही हे मोजून कळेना, म्हणून मी कागदावर प्रिंट काढून पेन्सिलीने जोड्या लावत बसलो. मॅडम मागून गेल्या. त्यांना वाटलं मी काहीतरी डिझाइन करतोय. मी तो समज राहू दिला.

जोड्या जुळल्या, तर नवाच संदेश आला: ही फाइल या कामासाठी वैध नाही. मी ताबडतोब ताडलं, की अधिकारांचा प्रश्न आहे. सिक्युरिटीवाल्यांना सणसणीत मेल लिहिला आणि त्यात 'पुन्हा एकदा' हे शब्द वापरले. त्यांनी शांतपणे कळवलं की संदेशावर एफ-वन दाबून आतला मजकूर वाचावा. आतला मजकूर सांगत होता की फाइलला जर्नल नाही. रन-एसक्यूएल स्वतःहून कमिटमेंट कंट्रोल लावतं, म्हणजे काम अर्धवट राहिलं तर मागे घेता यावं असं बघतं. आणि त्यासाठी फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद जर्नलमध्ये व्हावी लागते. क्लायंटच्या ऑर्डर फाइलला जर्नल कधी लावलेलंच नव्हतं. कमांडमध्ये 'कमिट नन' एवढंच लिहायचं होतं. पण आता सिक्युरिटीवाल्यांनी सांगितलेला मार्ग वापरणं मला अपमानास्पद वाटू लागलं, आणि मी रन-एसक्यूएल-एसटीएमकडे वळलो. तिथेही कमिटची तीच कथा निघाली. पण तो शोध मी स्वतः लावला, हे महत्त्वाचं.

रन-एसक्यूएल-एसटीएम जरा वेगळ्या स्वभावाची. ती वाक्य हातात घेत नाही. सोर्स मेंबरमध्ये लिहून ठेवलेली वाक्यं वाचते. त्यामुळे अवतरणांचा जाच संपला. सिलेक्ट तिला चालत नाही. बघण्याची कामं तिच्याकडे घेऊन जायचं नाही, करायची न्यायची. आणि काय केलं, काय फसलं, याचा लेखी अहवाल ती स्पूल फाइलमध्ये ठेवते. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

फाइलच्या नावाआधी लायब्ररी लिहायची राहिली होती, एवढंच. ऑर्डरींच्या फाइलींचा शोध मशीन दोन तऱ्हांनी घेतं. नावं एसक्यूएलच्या रीतीने चालवली तर ते युजरच्या नावाची लायब्ररी शोधतं. पहिल्या वेळी मी तेच केलं, आणि माझ्या नावाच्या लायब्ररीत ही फाइल नाही, असा अहवाल आला. माझ्या नावाची लायब्ररी असेल असं मशीनला वाटलं, याने मी क्षणभर सुखावलोही. घरी माझ्या नावाचा एक खण नाही. मग सिस्टीमची रीत लावली. त्यात मशीन लायब्ररी लिस्टमधल्या पहिल्या लायब्ररीपासून क्रमाने शोधत जातं, आणि त्या नावाची फाइल जिथे पहिल्यांदा भेटेल तिथेच काम उरकतं. शुक्रवारी जॉब शेड्यूलरमधून सगळं चाललं, स्पूल फाइल स्वच्छ आली, मी मॅडमना 'डन' असा एकशब्दी मेल टाकला. सोमवारी क्लायंटचा निरोप आला की एकही ऑर्डर बदललेली नाही. तिकडे नव्या विक्रेत्यांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेली एक लायब्ररी होती, आणि त्या जॉबच्या लिस्टमध्ये ती सगळ्यात वर होती. त्या लायब्ररीतल्या झाडून सगळ्या बनावट ग्राहकांच्या ऑर्डरी बिनचूक नव्या गोदामातून निघाल्या होत्या.

यानंतर मॅडमनी हे प्रकरण रात्रपाळीच्या ऑपरेटरसमोर ठेवलं. शनिवारी पहाटे मशीनसमोर तोच असतो. तो मुलगा बीकॉम झालेला, एसक्यूएलचा आणि त्याचा संबंध नाही. मी त्याला कमिटपासून लायब्ररी लिस्टपर्यंत सगळं समजावून सांगितलं. त्याने ते आदराने ऐकलं आणि विचारलं, "सर, जॉब फसला तर मला काय दिसेल?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, "सीएल प्रोग्रॅम अडकेल, आणि सिस्टीम ऑपरेटरच्या मेसेज क्यूवर प्रश्न येईल: सी, डी, आय, आर. कॅन्सल, डम्प, इग्नोर की रिट्राय." 

"मग ठीक आहे. मी आय दाबतो."

"कायम?"

"आय दाबलं की मेसेज जातो, सर."

म्हणजे काहीही फसलं तरी तो दुर्लक्ष करणार आणि मशीन पुढची ओळ चालवणार. आमच्या टेबलावरच्या तज्ज्ञांनी जे मार्ग सुचवले होते ते सगळे या एका 'आय'पाशी येऊन संपत होते. तेव्हा निवड आपोआप झाली. जिथे फसल्याचं कारण कागदावर राहतं आणि 'आय' दाबता येत नाही, तो मार्ग. वाक्य सोर्स मेंबरमध्ये ठेवलं, लायब्ररीचं नाव फाइलीआधी ठसठशीत लिहिलं. ते चालवायला छोटा सीएल, त्यात रन-एसक्यूएल-एसटीएम, कमिट नन. ती फसली तर सीएलने ते पकडायचं आणि ऑपरेटरला आपणच प्रश्न विचारायचा. उत्तरं दोनच, आर किंवा सी. जर्नल नसल्याने अर्धं झालेलं काम मागे जाणार नाही, पण आर दाबून पुन्हा चालवलं तर वाक्य उरलेल्याच ऑर्डरी उचलेल, कारण झालेल्यांवर आता आर-वन नसतो. ही शेवटची गोष्ट ट्रेनीने सुचवली. मी ती मॅडमना सांगितली. कोणी सुचवली ते त्यांनी विचारलं नाही.

प्रश्नाचा मजकूर ऑपरेटरने ठरवला. इंग्रजी त्याला नको होतं, म्हणून रोमन अक्षरांतलं मराठी: गोदामाचा जॉब अडकला, सरांना उठवा, त्यापुढे माझा मोबाइल नंबर.

पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसातून निघण्याआधी प्रॉडक्शनवर एक ऑर्डर उघडून बघितली. तिच्यावर आर-वन होता. म्हटलं, ही आपली नमुन्याची ऑर्डर; सोमवारी आल्या आल्या हिच्यावर आर-सेव्हन बघायचा. यादीत ऑर्डरीपुढे पाच टाकलं की नुसती दिसते, दोन टाकलं की बदलायला उघडते. मी आयुष्यभर दोनच टाकत आलोय. बघता बघता काही दुरुस्त करावंसं वाटलं तर पुन्हा बाहेर यायला नको. ऑर्डर पडद्यावर तशीच ठेवली, मॉनिटर बंद केला आणि घरी गेलो.

शनिवारी पहाटे फोन वाजला. बायको म्हणाली, "अहो, कोणीतरी तुम्हाला 'उठवा' म्हणतंय."

"सर, जॉब अडकलाय," ऑपरेटर म्हणाला. "रेकॉर्ड कोणीतरी धरून ठेवलाय. मिनिटभर थांबून बघितलं म्हणे, सुटला नाही."

मी उठून बसलो. हा माझा प्रांत होता. "जॉब लॉगमध्ये बघ. रेकॉर्ड कोणत्या जॉबकडे आहे ते नाव मिळेल. आधी नंबर, मग तिरकी रेघ, मधे युजर. तो युजर कोण ते सांग. तिकडचा कोणीतरी ऑर्डर उघडी टाकून वीकेंडला गेला असणार. या लोकांना शिस्त म्हणून नाही."

पलीकडे जरा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, "सर, मधे तुमचं नाव आहे."

मी काही बोललो नाही.

"तुमच्या डेस्कवर जाऊन एफ-ट्वेल्व्ह दाबलं असतं, पण पीसीला पासवर्ड आहे. मी इथूनच तुमचा जॉब एंड करतो. कंट्रोल्ड करू की इमिजिएट?"

दोन्हींत फरक आहे. कंट्रोल्डमध्ये प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळतो, इमिजिएटमध्ये मिळत नाही. पण प्रोग्रॅम आवरायला लागेल तो पडद्यावर कोणीतरी कळ दाबली तर, आणि पडद्यासमोर कोणी नाही. उलट नुसता पडदाच उघडा आहे म्हटल्यावर इमिजिएटने बिघडण्याजोगंही काही नाही. तरी प्रॉडक्शन आहे, तेव्हा एकदा कँटीनमधल्या ज्येष्ठांना विचारून...

"सर, तुम्ही विचार करा," तो म्हणाला, "मी इमिजिएट टाकलंय. आता आर दाबतो."